पंचवीस वॅटचा खर्ज

तबल्याच्या जोडीत श्रोत्याचे लक्ष आधी चाटीकडे जाते, डग्गा मागे राहतो. पण डग्गा थांबला की ठेका एकदम कोरडा, अधांतरी वाटू लागतो. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात हे काम बास गिटार करते. ऐकणाऱ्याला ती वेगळी ऐकू येईलच असे नाही, पण नसली तर काहीतरी हरवल्याचे लगेच जाणवते. अशा या वाद्याचे ध्वनिमुद्रण कसे करावे, हा प्रश्न विसाव्या शतकातल्या तंत्रज्ञांना बराच काळ छळत होता. मोठमोठ्या यंत्रांनी तो सुटला असेल असे आपण सहज समजतो. प्रत्यक्षात तो सुटला एका छोट्या अँप्लिफायरने आणि एका साध्या वायरीने. आणि या गोष्टीतली एक महत्त्वाची जागा म्हणजे एक राहते घर होते.

आधी अडचण समजून घेऊ. बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की तिची कंपने सेकंदाला सुमारे ४१ भरतात. हवेतल्या या ध्वनीच्या एका लहरीची लांबी सव्वाआठ मीटर होते. एवढी लहर घरातल्या खोलीत मावतच नाही. ती भिंतींवर आपटून परत फिरते, स्वतःलाच भेटते, आणि काही स्वर फुगतात तर काही नाहीसे होतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साडेतीन मीटर अंतर असेल, तर ४९ हर्ट्झच्या आसपासचा स्वर घुमतो. बासवर तो त्याच जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर येतो. वादकाने सगळे स्वर सारख्याच जोराने वाजवले तरी हा एक स्वर भिंतीजवळ अंगावर येतो आणि त्या दोन भिंतींच्या बरोबर मध्ये जवळजवळ गायब होतो. दोष वादकाचा नसतो, खोलीचा असतो.

बास गिटार येण्यापूर्वी हे काम माणसाच्या उंचीचा डबल बास करत असे. तो गर्दीत ऐकू येत नसे, ही वादकांची जुनी तक्रार होती. एव्हरेट हल हे स्वतः डबल बास वाजवणारे. १९४६च्या सुमारास त्यांनी या वाद्याला जमिनीवर टेकवणाऱ्या खुंटीच्या आत मायक्रोफोन बसवला. खुंटीला इंग्रजीत ‘पेग’ म्हणतात. या ‘अँप्लिफाइड पेग’वरूनच ‘अँपेग’ हे कंपनीचे नाव आले. हल यांना वाद्य मोठ्याने ऐकू यायला हवे होते, पण त्याचा आवाज बदलायला नको होता. आवाज फाटणे त्यांना मुळीच खपत नसे, आणि रॉक अँड रोलबद्दल त्यांना प्रेम नव्हते. त्यांच्या या आवडीनिवडीला पुढे महत्त्व येणार होते.

१९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीच्या धंद्यातून पुढे आलेल्या लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणला. भरीव लाकडाचे अंग, गळ्यात अडकवता येईल असा आकार, आणि स्वर अचूक लागावा म्हणून पडदे. ‘प्रिसिजन’ या नावाचा उगम तोच. अशा वाद्याचे प्रयोग त्यापूर्वीही झाले होते, पण रुळला तो हा. मात्र भरीव लाकूड स्वतः फारसे बोलत नाही. आता अँप्लिफायर ही सोय उरली नाही, तो वाद्याचाच अर्धा भाग झाला.

१९६० साली अँपेगमधल्या जेस ऑलिव्हर यांनी ‘बी-१५ पोर्टाफ्लेक्स’ तयार केला. शक्ती जेमतेम २५ वॅट, बंद पेटी, तिच्यात १५ इंचांचा एकच स्पीकर. व्हॉल्व्हची यंत्रणा पेटीच्या झाकणावर बसवलेली असे. काम संपले की झाकण उलटायचे, म्हणजे यंत्रणा पेटीच्या आत जाई आणि नाजूक व्हॉल्व्ह प्रवासात सुरक्षित राहत. एका माणसाला नेता-आणता येईल असा हा संच होता. त्याचा आवाज गोल, उबदार आणि मर्यादेत राहणारा. मोठ्या सभागृहाला तो अपुरा पडे, पण स्टुडिओत त्याच्यासमोर मायक्रोफोन ठेवला की हवा तेवढाच खर्ज मिळे. मेम्फिसमधल्या स्टॅक्स कंपनीचा स्टुडिओ जुन्या चित्रपटगृहात होता. जमिनीचा उतारही तसाच ठेवलेला. तिथे डोनाल्ड ‘डक’ डन यांनी हाच अँप्लिफायर वापरला.

अधिक शक्ती घेऊन उपयोगही नव्हता. तबकडीवर खर्जाची खाच रुंद वळणे घेते. ती फार रुंद झाली तर सुई उडते आणि तबकडीवर मावणारा वेळही कमी होतो. म्हणून तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी करत आणि वाजवताना तेवढाच वाढवत. १९५०च्या दशकात त्याचे एकच प्रमाण ठरले. पुढे रेडिओचा स्पीकर लहान. ४१ हर्ट्झ त्यातून बाहेर पडतच नसत. तरीही बास ऐकू येई, कारण आपला कान हुशार आहे. ८२, १२३, १६४ असे वरचे अंशस्वर मिळाले की मूळ स्वर तो स्वतःच भरून काढतो. म्हणजे खरी गरज प्रचंड खर्जाची नव्हती, स्पष्ट अंशस्वरांची होती.

हे डेट्रॉइटमध्ये पक्के उमगले. १९५९ साली बेरी गॉर्डी यांनी कुटुंबाच्या निधीतून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाउनचा पाया घातला. वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या घरात मागच्या बाजूला एक फोटो स्टुडिओ होता. त्याचा ध्वनिमुद्रण कक्ष झाला आणि गॉर्डी वरच्या मजल्यावर राहू लागले. जागा इतकी अडचणीची की वादकांनी तिला ‘स्नेकपिट’, म्हणजे सापांचे बिळ, असे नाव दिले. तिथे प्रत्येकाने आपापला अँप्लिफायर लावला असता तर सगळे आवाज एकमेकांच्या मायक्रोफोनात शिरले असते. अभियंता माइक मॅकलेन यांच्या व्यवस्थेत गिटार आणि बास थेट मुद्रणयंत्रणेला जोडले जात. पिकअपमधून येणारा दुबळा विद्युत्‌संकेत तिथे आवश्यक त्या मापात आणला जाई आणि वादक स्वतःला एका सामाईक स्पीकरमधून ऐकत. खोली, भिंती, मायक्रोफोन हे सगळे वाटेतून बाजूला झाले. आज याला ‘डीआय’, म्हणजे थेट जोडणी, म्हणतात.

या वायरीच्या टोकाला जेम्स जेमर्सन होते. १९३६ साली साउथ कॅरोलायनात जन्मलेले, १९५४ साली डेट्रॉइटला आलेले, मूळचे डबल बासवाले. क्लबमध्ये ते बी-१५ वापरत. स्टुडिओत बहुधा थेट जोडणी. त्यांच्या १९६२च्या प्रिसिजन बासवर सपाट वेष्टनाच्या जाड तारा असत, आणि त्या ते बदलतच नसत. तारा पडद्यांपासून उंच, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा, आणि उजव्या हाताची केवळ तर्जनी. तारेचा स्वर उमटताच थोडा दबे, आणि पुढचा स्वर स्वच्छ ऐकू येई. पुष्कळांनी त्या आवाजाचे रहस्य यंत्रात शोधले. बरेचसे ते स्पंजात, जुन्या तारांत आणि त्या एका बोटात होते.

लंडनमध्ये अ‍ॅबी रोडच्या तंत्रज्ञांना अमेरिकन तबकड्यांतला असाच बास हवा होता. १९६६ साली ‘पेपरबॅक रायटर’साठी केन टाउनसेंड यांनी लाउडस्पीकर उलटा जोडून तोच मायक्रोफोन म्हणून वापरला, पुढच्या वर्षी तिथेही थेट जोडणी आली. १९७० साली पॉल मॅकार्टनी यांनी आपला पहिला स्वतंत्र संग्रह बराचसा घरीच मुद्रित केला: चार ट्रॅकचे यंत्र, मिक्सर नाही, बाससह जवळजवळ सगळी वाद्ये स्वतः वाजवलेली. दरम्यान रंगमंच उलट दिशेने गेला. १९६९ साली अँपेगनेच ३०० वॅटचा ‘एसव्हीटी’ काढला, तो क्रीडांगणांसाठी. १९७९ साली टीॲकचे कॅसेटवर चार ट्रॅक भरणारे ‘पोर्टास्टुडिओ’ आले आणि घरच्या ध्वनिमुद्रणाला बाजार मिळाला.

आज घरी बास मुद्रित करणारा हीच वाट पुन्हा चालतो. छोटा अँप्लिफायर कोपऱ्यात ठेवला तर भिंती खर्ज वाढवतात. म्हणून तो कोपऱ्यातून बाहेर काढून खुर्चीवर ठेवतात. मायक्रोफोन स्पीकरच्या जाळीजवळ नेला की त्याला खोलीपेक्षा स्पीकर जास्त ऐकू येतो. लहान स्पीकर सर्वांत खालचे स्वर कमी काढतो, त्यामुळे खोलीही कमी घुमते. सोबत थेट जोडणीचा दुसरा ट्रॅक घेतात, पण त्यात एक मेख असते. मायक्रोफोन स्पीकरपासून ३४ सेंटिमीटरवर असेल तर त्याचा आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र केल्यावर ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग परस्परांत खोडला जातो. नेमके तेच अंशस्वर जातात ज्यांच्या आधारावर लहान स्पीकरवर बास ओळखू येतो. संगणकावर एक ट्रॅक तेवढा सरकवला की प्रश्न मिटतो.

इतिहासाच्या दृष्टीने मात्र एक हिशेब तांत्रिक नाही. भिंतीपलीकडे न जाणारा, नियंत्रणकक्षातच खरा ऐकू येणारा हा वादक श्रोत्यांना दिसतही नव्हता. जेमर्सन वाजवत होते ती गाणी जगभर गेली, पण तबकडीवर वादकांची नावे नसत. १९७१ साली मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संग्रहावर ती पहिल्यांदा नीट छापली गेली. पुढच्याच वर्षी मोटाउनने डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिस गाठले. २ ऑगस्ट १९८३ रोजी जेमर्सन वारले. त्याच्या थोडे आधी त्यांचा तो बास चोरीला गेला होता. त्यांच्यावरचे अ‍ॅलन स्लट्स्की यांचे पुस्तक १९८९ साली आले, ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने २००० साली दखल घेतली, आणि त्या साऱ्या वादकमंडळीवरचा माहितीपट २००२ साली निघाला.

मुंबईच्या चित्रपटसंगीतालाही हे अपरिचित नाही. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणारे टोनी वाझ यांचे नाव किती रसिकांना ठाऊक असते? गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांचे आणि संयोजकांचे हेच झाले. आपल्या घरातल्या जुन्या तबकड्या पुन्हा लावाल तेव्हा एकदा गायकाचा आवाज बाजूला ठेवून खालचा स्वर ऐका, आणि तबकडीच्या पाकिटावर तो वाजवणाऱ्याचे नाव शोधून पाहा. बहुतेक पाकिटांवर ते सापडणार नाही. हयात असलेल्या वादकांना विचारून ती नावे लिहून ठेवण्याचे काम आपल्याकडे अजून पुष्कळ बाकी आहे, आणि त्याला मुदत आहे.