'कोणीही': कायद्यातला एक शब्द

सॉफ्टवेअर बनवताना आम्ही निदान नावापुरतं तरी युझरला विचारतो. औषधाचं तसं नाही. कुठलं औषध कोणी बनवायचं, किती वर्षं एकट्यानेच विकायचं, हे ठरतं तेव्हा ते गिळणारा पेशंट सहसा त्या खोलीत नसतो. आपल्याकडे मात्र त्या खोलीला एक दार ठेवलंय. त्याची ही गोष्ट.

१९७० च्या आपल्या कायद्यात औषध बनवायच्या पद्धतीला पेटंट मिळायचं, औषधाला नाही. त्यामुळे भारतीय कंपन्या तेच औषध वेगळ्या रीतीने, स्वस्तात बनवायच्या. जागतिक व्यापार करारामुळे १ जानेवारी २००५ पासून खुद्द औषधालाही पेटंट देणं भाग पडलं. पण त्याच दुरुस्तीत दोन गोष्टी आल्या. जुन्या औषधाचं नवं रूप आणलंत, तर ते जास्त गुणकारी आहे हे दाखवा. आणि पेटंट मिळण्याआधी त्यावर 'कोणीही' हरकत घेऊ शकतो.

हा 'कोणीही' लगेच कामी आला. रक्ताच्या कॅन्सरवरचं नोव्हार्टिसचं ग्लिवेक महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडायचं, भारतीय कंपन्यांचं ८ ते १० हजारांना. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

२०१९ मध्ये तर थेट पेशंटच पुढे आल्या. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघीही टीबीतून वाचलेल्या, पण उपचारांच्या दुष्परिणामांनी दोघींची श्रवणशक्ती गेली. बेडाक्विलिन या गोळीमुळे तसली इंजेक्शनं टाळता येतात. तिचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. जॉन्सन अँड जॉन्सनला तिच्या क्षारावर, म्हणजे सॉल्टवर, २०२७ पर्यंत आणखी एक हवं होतं. मार्च २०२३ मध्ये तो अर्जही फेटाळला गेला.

पेशंटला पेटंटमधलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. दोघी दयेची याचना करत नव्हत्या. यात नवीन शोध काय, एवढंच विचारत होत्या.

आता मुद्द्याचं. मार्च २०२४ च्या नियमांनी अशा हरकतीला फी लावली, आणि ती ऐकायची की नाही हे आधी अधिकारी ठरवणार. बिनबुडाच्या हरकतींनी अर्ज रखडतात हे खरंच. पण 'कोणीही' हा शब्द कायद्यात तसाच ठेवून उंबरठा उंच करत नेला, तर दार उघडं असूनही आत येणार कोण?