काचेच्या पट्टीपासून ब्राउझरपर्यंत

आपला पहिला स्नेहमेळावा आठवतो ना? २००६ साल. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने मी सादरीकरणाची सीडी जपून आणली होती. ती उघडली आणि आपल्या दिवंगत गणिताच्या बाईंच्या नावाच्या जागी पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली. मी वापरलेला मराठी फॉन्ट त्या संगणकावर नव्हता. तुम्ही सगळे हसलात, मीही हसले. पण बाईंचं नाव दिसलं नाही, ही रुखरुख राहिली.

पडद्यावर चित्रं दाखवत गोष्ट सांगणं आपल्याकडे जुनंच आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. हाताने रंगवलेल्या काचेच्या पट्ट्या, दिवा, भिंग आणि सोबत निवेदन. खेळ करायचा तर हा सगळा सरंजाम घेऊनच जावं लागे.

१९८७ मध्ये फोरथॉट कंपनीने मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंट आणलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. काच गेली, पण सरंजाम राहिला. तेच सॉफ्टवेअर, तोच फॉन्ट समोरच्या संगणकावर असावा लागे. माझं घोडं अडलं ते इथेच.

वाट निघाली ब्राउझरमधून. २००४ मध्ये एरिक मायर यांनी 'एस-फाइव्ह' प्रसिद्ध केलं. त्यात सगळं सादरीकरण म्हणजे एकच वेबपान. त्याचे तुकडे पाडायचे. बाणाची कळ दाबली की एक तुकडा लपतो, पुढचा दिसतो. पुढच्याच वर्षी डेव्ह रॅगेट यांचं 'स्लायडी' आलं, २०११ मध्ये हकीम एल हत्ताब यांचं 'रिव्हील'. मूळ कल्पना तीच.

मराठीचा प्रश्न दोन गोष्टींनी सुटला. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. ती संगणकांवर रुळायला मात्र बरीच वर्षं लागली. दुसरी गोष्ट वेबफॉन्टची. आता अक्षरांचं वळण पानासोबतच पाठवता येतं. मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्त' हा मुक्तस्रोत फॉन्ट मी यंदा वापरला आहे.

या मेळाव्याचं सादरीकरण मी असंच केलंय. फोटो आणि फॉन्ट एकाच फाइलमध्ये भरलेत, त्यामुळे पावसाळ्यात रेंज गेली तरी अडणार नाही. फाइल तुमच्या मोबाइलवरही उघडेल. आणि पंचवीस वर्षांनी हे सॉफ्टवेअर कुणी वापरत नसलं, तरी ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून आपली नावं वाचता येतील, कारण आत आहे तो साधा मजकूरच.

ज्यांचे फोटो राहिलेत त्यांनी जरूर पाठवा, अजून जागा आहे. पहिली स्लाइड मात्र ठरलेली आहे. तिच्यावर बाईंचं नाव आहे.