वांगणीच्या मुलांच्या आया

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी ही नावे महाराष्ट्राला कळली ती 1992 मध्ये. शंभराहून अधिक आदिवासी मुले कुपोषणाने दगावल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारी गाड्या घाट चढल्या. पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आले, 1995 मध्ये नवसंजीवन योजना आली. मुलांची वजने घेतली जाऊ लागली, श्रेणी ठरल्या. त्या मुलांच्या आयांचे वय काय होते, हा प्रश्न मात्र कडेलाच राहिला.

खरे तर हा प्रश्न याच जुन्या ठाणे जिल्ह्यात शंभर वर्षे आधी उभा राहिला होता. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी ती आई झाली आणि दहा दिवसांत मूल गेले. त्या दुःखातून ती 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाली. प्रबंधाचा विषय होता हिंदू स्त्रियांचे प्रसूतिशास्त्र. 1891 मध्ये संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली, तेव्हा परक्या सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून टिळकांनी विरोध केला. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरवले. पण हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानापुरते. जव्हार हे मुकणे राजांचे संस्थान. ते मुंबई प्रांतात विलीन झाले 1948 मध्ये. मुलीचे वय 1949 मध्ये पंधरा आणि 1978 मध्ये अठरा झाले. वाद सारा पांढरपेशांच्या घरातला होता. डोंगरातली वारली, कातकरी मुलगी त्यात कुठेच नव्हती.

शरीराला मात्र जात-जमात ठाऊक नसते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलीची स्वतःचीच वाढ चालू असते, कटीची हाडे पुरती रुंदावलेली नसतात. पोटातले बाळ आणि वाढणारी आई एकाच ताटात जेवतात, आणि ताट आधीच अर्धे असते. अशा आईला रक्तक्षय, रक्तदाब वाढून झटके येणे, अडलेले बाळंतपण आणि बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग यांचा धोका जास्त. बाळ दिवस भरण्याआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मण्याची शक्यताही जास्त. म्हणजे अंगणवाडीच्या काट्यावर चढण्याआधीच मुलाचे कुपोषण सुरू झालेले असते.

ही गोष्ट सरकारी आकड्यांत उमटली ती 2022 मध्ये. मेळघाटातील कुपोषणावरील याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने बालविवाहांची पाहणी मागितली. सोळा आदिवासीबहुल जिल्ह्यांत तीन वर्षांत 15,253 बालविवाह झाल्याचे आणि कुपोषणाने मेलेल्या 6,582 मुलांपैकी 601 मुलांच्या आया अल्पवयीन असल्याचे सरकारने सांगितले. साधारण अकरांतले एक मूल. आईचे वय हे एकमेव कारण नाही, पण कडेला टाकण्याजोगेही नाही.

मग ही लग्ने होतात का? 'परंपरा' हे सोपे उत्तर. वीटभट्टीचा हिशेब वेगळे सांगतो. भट्टीवर काम जोडीने मिळते, उचलही जोडीला मिळते. मुलीचे लग्न झाले की एक नवी जोडी उभी राहते. वयात आलेल्या मुलीला गावी एकटी ठेवून जायलाही आईबापांना भीती वाटते. त्यात गरोदर मुलीची नोंद गावात आणि ती भिवंडी-वसईच्या भट्टीवर. 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर बाईला रोज गरम जेवण मिळते, पण ते शिजते गावच्या अंगणवाडीत.

2012 च्या पोक्सो कायद्याने आणखी एक पेच आणला. मुलगी अठराच्या आतली असेल तर दवाखान्याला पोलिसांना कळवावे लागते. नवरा तुरुंगात जाईल या भीतीने वय वाढवून सांगितले जाते किंवा दवाखानाच टाळला जातो. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अल्पवयीन मुलीचे नाव गुप्त ठेवण्याची मुभा दिली, पण ती गर्भपातापुरती. जिला मूल हवे आहे तिच्यापुढचा पेच तसाच आहे. तिच्या रक्षणासाठी केलेला कायदाच तिला डॉक्टरपासून दूर ठेवतो.

लग्न थांबवणे आणि लग्न झालेल्या मुलीला वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी गावात रोजगार आणि मुलींची शाळा हवी. दुसऱ्यासाठी दवाखान्याचे भय जायला हवे. दिवाळी आटोपली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे पुन्हा भट्टीची वाट धरतील. त्यांत पोटुशी पोरगीही असेल. कुणी वय विचारले, तर ती एकोणीस सांगेल.