३८७ पैकी ३०९ : हजारे, मर्चंट आणि बंद पडलेली एक स्पर्धा

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करतो. मी मुंबई इंडियन्सचा फॅन आहे. चेन्नईबरोबर मॅच असली की आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळपासूनच भांडणं सुरू होतात. मुंबईची ५ विजेतेपदं, चेन्नईचीही ५. २०१९ ची फायनल आम्ही एका रनने जिंकली, ते मी अजून दर महिन्याला कुणाला तरी ऐकवतो. म्हणजे 'आपण विरुद्ध ते' यातली मजा मला पुरती ठाऊक आहे. आणि म्हणूनच आजची गोष्ट मला थोडी टोचते.

चर्नी रोडकडून मरीन ड्राइव्हला कधी चालत गेलात, तर बाजूचे बोर्ड वाचा. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना. आपण तिथे लग्नाला वगैरे जातो. पण एके काळी हिंदुस्थानातल्या सगळ्यात गाजलेल्या क्रिकेट स्पर्धेतले संघ असेच होते. गावाचे नाहीत, राज्याचे नाहीत, धर्माचे.

सुरुवात पारशी आणि युरोपियन यांच्या सामन्यांपासून झाली. १९०७ मध्ये हिंदू आले, स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला, चौरंगी झाली. आणि १९३७ मध्ये पाचवा संघ आला. त्याचं नाव होतं 'द रेस्ट'. म्हणजे उरलेले! भारतीय ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन, ज्यू असे सगळे त्यात. आता ही झाली पेंटँग्युलर, पंचरंगी.

रणजी ट्रॉफी १९३४ मध्ये सुरू झाली होती, पण गर्दी खेचायची ती पंचरंगीच. ब्रेबॉर्न स्टेडियम खचाखच भरायचं, रेडिओवर तल्यारखानांची कॉमेंट्री चालायची.

आता या १९४३ च्या डिसेंबरमध्ये. दोन माणसं लक्षात ठेवा. एक विजय मर्चंट, मुंबईचे, हिंदू संघाचे. तंत्र इतकं पक्कं की फर्स्ट क्लास क्रिकेटमधली त्यांची सरासरी ७१.६४, म्हणजे डॉन ब्रॅडमननंतर दुसरा नंबर. दुसरे विजय हजारे. सांगलीत जन्मलेले मराठी ख्रिश्चन, म्हणून खेळणार 'उरलेल्यां'कडून. नाव दोघांचंही विजय!

सेमीफायनलमध्ये हजारेंनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ केले. स्पर्धेतला सर्वोच्च स्कोअर. फायनलला समोर हिंदू. मर्चंट उतरले आणि नाबाद २५० करून राहिले. दोन रनांनी विक्रम मोडला! हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला.

'रेस्ट'चा पहिला डाव १३३ वर आटोपला. फॉलोऑन. दुसऱ्या डावातही एका बाजूने विकेट पडतायत आणि दुसऱ्या बाजूला हजारे उभे. सहाव्या विकेटसाठी भाऊ विवेक हजारे सोबतीला आले. दोघांनी ३०० रन जोडले. त्यात विवेकचे किती असतील? फक्त २१! भाऊ टिकून राहिला, बाकी सगळं विजयने केलं. संघाचा स्कोअर ३८७, त्यात एकट्या हजारेंचे ३०९. म्हणजे जवळपास ८० टक्के. तरी मॅच हरले, एक डाव आणि ६१ रनांनी. पण विक्रम पुन्हा हजारेंकडे.

संपलं? छे! त्याच महिन्याच्या शेवटी रणजीमध्ये मर्चंटनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ ठोकले. रणजीतला आधीचा मोठा स्कोअर होता नाबाद ३१६. कुणाचा? बरोबर ओळखलंत. हजारेंचा.

मला विचाराल तर भारतीय क्रिकेटमधली ही सगळ्यात सुंदर चढाओढ. शिवीगाळ नाही, बोट दाखवणं नाही. तू २४८, मी २५०. तू २५०, मी ३०९.

पण हे सगळं घडत होतं एका वादग्रस्त स्पर्धेत. आणि तो वाद टाळून ही गोष्ट सांगणं मला बरोबर वाटत नाही.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटली. गांधीजींनी साफ सांगितलं की हे सामने बंद व्हावेत असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी आहे. कॉलेजांचे संघ समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ कशासाठी? त्या वर्षी हिंदू संघ खेळलाच नाही. पुढच्या वर्षी परत आला, पण वाद काही थांबला नाही.

स्पर्धेच्या बाजूचे लोक म्हणायचे, अहो, मैदानावर कुठे भांडणं होतात? उलट एकत्र खेळल्याने मैत्री वाढते. आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडे पुरावेही होते. १९४४-४५ ची फायनल घ्या. हिंदू विरुद्ध मुस्लिम. चौथ्या डावात मुस्लिम संघाच्या के. सी. इब्राहिमने सलामीला येऊन नाबाद १३७ केले आणि अवघी एक विकेट राखून मॅच जिंकून दिली. देशात फाळणीची भाषा चालू असताना अशी मॅच झाली, आणि ती क्रिकेट म्हणूनच लक्षात राहिली.

मग बंद का करायची?

माझं उत्तर असं. प्रेक्षक कसे वागले हा प्रश्नच नाही. संघ निवडताना पहिला प्रश्न 'तू कसा खेळतोस' हा नव्हता, 'तू कोणाचा' हा होता. आणि एकदा हा प्रश्न विचारायची सवय लागली की तो तिथेच थांबत नाही. पुरावा हवाय? पाळवणकर बाळू. चांभार समाजातला डावखुरा स्पिनर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. हिंदू संघाचा तो हुकमी बॉलर. पण पुण्यात खेळताना चहा मिळायचा तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. विकेट चालायच्या, कप चालायचा नाही! कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला, तोही बराच झगडा झाल्यावर. म्हणजे 'आपला संघ' म्हणणाऱ्यांच्या आतही 'ते' होतेच.

१९४६ मध्ये पंचरंगी कायमची बंद झाली. लक्षात घ्या, गर्दी आटली म्हणून नाही. गर्दी असताना बंद झाली. मी तेव्हा असतो तर तिकिटाच्या रांगेत नक्की उभा असतो, हेही खोटं बोलणार नाही. तरीही म्हणतो, बंद केली ते बरोबर केलं. मला आवडतं म्हणून ते योग्यच असतं असं नाही, हे फॅनला पचवायला जड जातं. मलाही जातं.

आणि त्या दोन विजयांचं काय झालं? त्यांच्या चढाओढीला धर्माचा संघ लागतच नव्हता. नोव्हेंबर १९५१, दिल्ली, इंग्लंडविरुद्ध टेस्ट. भारताचे कर्णधार विजय हजारे. समोरच्या टोकाला चाळिशीतले विजय मर्चंट. या वेळी एकाच संघात! दोघांनी २११ ची भागीदारी केली. मर्चंट १५४ वर आउट झाले. तोवर कुठल्याही भारतीयाचा टेस्टमधला तो सर्वोच्च स्कोअर. आणि हजारे? त्याच डावात नाबाद १६४! जुनी सवय, दुसरं काय.

मर्चंट यांची ती शेवटची टेस्ट ठरली. खांद्याला दुखापत झाली आणि ते थांबले. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला भारताने आपली पहिलीवहिली टेस्ट जिंकली. कर्णधार हजारेच. एके काळी 'उरलेल्यां'मध्ये मोजलेला माणूस.

तर मंडळी, पुढच्या मुंबई-चेन्नईला मी ओरडणारच आहे, तुम्हीही ओरडा. चिडवा, मीम टाका. फक्त समोरच्याला 'तू कुठला, कुणाचा' असं विचारायची वेळ आली, की तिथे क्रिकेट संपलं असं समजा. तुमच्या मते भारतातली सगळ्यात भारी दोन खेळाडूंची चढाओढ कोणती? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!