फिल्टरचा नाद आणि मुंबईची एक तबकडी

चिखलीपासून मुंबईपर्यंत वरातीतले बँडवाले हमखास वाजवतात ती पुंगीची धून १९५४ च्या ‘नागिन’ या हिंदी चित्रपटातली असून, हेमंतकुमार यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली तो आवाज पुंगीतून नव्हे, तर कल्याणजी वीरजी शहा यांच्या क्लॅव्हियोलिनमधून आणि रवी यांच्या हार्मोनियममधून निघाला होता. क्लॅव्हियोलिन हे निर्वात नळ्यांवर चालणारे विद्युत्‌वाद्य असून, त्याचे खटके दाबले की सुरातील काही स्वरांश, म्हणजे मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत उमटणारी कंपने, गाळले जात आणि आवाजाचा पोत बदले. मात्र खटका एकदा दाबला की ही गाळणी, म्हणजेच फिल्टर, स्थिर राही. सूर वाजत असताना त्याचा पोत क्षणाक्षणाला बदलत नेण्याची सोय तिच्यात नव्हती.

ती सोय अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी केली. त्यांच्या फिल्टरच्या पेटंटचा अर्ज १९६६ चा असून मंजुरी १९६९ ची आहे. या रचनेत ट्रान्झिस्टरच्या जोड्या आणि कपॅसिटर यांचे चार टप्पे एकावर एक रचलेले असल्याने तिचे आरेखन शिडीसारखे दिसते आणि म्हणूनच तिला लॅडर फिल्टर म्हणतात. ट्रान्झिस्टरमधून वाहणारा प्रवाह कमीजास्त केला की त्याचा रोध बदलतो, रोधाबरोबर फिल्टरची सीमा वरखाली सरकते आणि त्या सीमेच्या पलीकडचे स्वरांश दर सप्तकाला २४ डेसिबल या वेगाने क्षीण होत जातात. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही भाग उलटा करून पुन्हा आत सोडला जातो. चार टप्पे ओलांडताना सीमेवरील कंपन बरोबर अर्धे आवर्तन मागे पडलेले असल्यामुळे ते उलटे होऊनही मूळ कंपनाशी जुळते आणि बळावते. यालाच रेझोनन्स म्हणतात. खर्जातील कंपने मात्र मागे पडत नसल्याने त्यांतून तेवढाच भाग वजा होतो आणि रेझोनन्स वाढवावा तसा खर्ज पातळ होत जातो. शिवाय ट्रान्झिस्टरची जोडी काही मिलिव्होल्टपर्यंतच सरळ वागते आणि त्याहून मोठा संकेत आला की लहरीची शिखरे हळुवार बोथट करून मुळात नसलेले स्वरांश निर्माण करते. गाळण्यासाठी बनवलेले हे मंडल गाळता गाळता भरही घालत असते, आणि ज्याला असा फिल्टर असलेल्या वाद्यांची ऊब म्हणतात तिचा मोठा भाग या भरीचाच आहे.

भारतात मूग यांचे सिंथेसायझर हे यंत्र १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी उभारले आणि गीता साराभाई यांच्यासह काही संगीतकारांनी त्यावर प्रयोग केले. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची घटना मात्र १९८२ ची आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी त्या वर्षी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी रोलंड कंपनीच्या ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या तीन यंत्रांवर वाजवले.

यांपैकी टीबी-३०३ हे बास गिटारची साथ देण्यासाठी बनवलेले छोटेसे यंत्र होते. त्याच्या फिल्टरची शिडी डायोडसारख्या जोडलेल्या ट्रान्झिस्टरांची असून, मूग यांच्या शिडीत असतात तसे तिचे टप्पे एकमेकांपासून अलग नाहीत. प्रत्येक टप्प्याचा भार शेजारच्यावर पडत राहतो, सीमेचा उतार सुरुवातीला सौम्य होतो आणि रेझोनन्स पूर्ण वाढवला तरी फिल्टर आपोआप वाजू लागत नाही. ज्या सुरावर आघात दिला जातो तो सूर फिल्टर अधिक उघडतो, आणि लागोपाठ आघात आले तर आधीच्या आघाताने भारलेला कपॅसिटर पुरता रिकामा न झाल्याने पुढचा सूर आणखी वर झेपावतो. दोन सुरांना घसरत जोडणारी स्लाइडची सोय त्यात असल्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर मिंडेसारखे जाणेही जमते.

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या हातची जवारी ऐकलेल्या कानाला टीबी-३०३ चा हा नाद पूर्णपणे परका वाटू नये. जवारी लावलेल्या तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित वक्र पृष्ठाला आणि तिच्याखालच्या दोऱ्याला स्पर्श करत कंप पावते आणि छेडल्यानंतर एकेक वरचा स्वरांश क्रमाने पुढे येतो. रेझोनन्स वाढवून फिल्टरची सीमा हळूहळू सरकवली असता कानाला साधारण तसाच अनुभव येतो. सिंग यांच्या तबकडीत राग आणि यंत्र एकमेकांशी भांडत नाहीत, त्यामागे हे साम्य असावे.

ही तबकडी त्या काळी फारशी खपली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या समूहाने टीबी-३०३ च्याच आवाजावर ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढले आणि तेथून ॲसिड हाऊस हा नृत्यसंगीताचा प्रकार जगभर गेला, तोवर सिंग यांची तबकडी विस्मरणात गेली होती. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांना तिचे मोल कळले. सिंग यांचे निधन २०१५ मध्ये झाले. मराठीत चित्रपटसंगीतावर विपुल लेखन झाले असले तरी ते बहुतांशी गायक, गीतकार आणि संगीतकार यांच्यापुरते राहिले आहे. वादकांची आणि त्यांच्या वाद्यांची नोंद त्या लेखनात आता तरी व्हायला हवी.