रोबोचं लायसन कुणाकडे असतं?

साखर कारखान्यातला बॉयलर सांभाळायचा तर सरकारी परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र लागतं. वायरमनला परवाना लागतो. ट्रक चालवायचा तर लायसन लागतं. मग चाकणच्या शेडमध्ये गाडीचा सांगाडा वेल्ड करणारा रोबो ज्याच्या हाती दिलाय, त्या पोराकडे काय लागतं? आपल्याकडे कायद्याने विचाराल तर रोबोसाठी असं खास काही नाही. हे असं का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात बॉयलरपासूनच करू. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटला, बरीच माणसं मेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला आणि त्या वाटेने १९२३ चा देशव्यापी कायदा. तिकडे जर्मनीत १८६५ साली मानहाइमच्या एका ब्रुअरीत बॉयलर फुटला. १८६६ मध्ये कारखानदारांनी स्वतःच तपासणी संघ काढला. आज यंत्रांवर, गाड्यांवर ज्या 'ट्यूव्ह' संस्थांचा शिक्का दिसतो, त्यांचं मूळ तिथं आहे. म्हणजे एकीकडे सरकारने कायदा केला, दुसरीकडे धंद्याने स्वतःला शिस्त लावली. रोबोच्या बाबतीतही पुढे हेच दोन रस्ते दिसतात.

पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. काम काय, तर डाय-कास्टिंगमधून निघालेले तापलेले भाग उचलायचे. माणसाला धोक्यातून बाहेर काढायला आलेलं यंत्र, अशीच त्याची ओळख होती.

२५ जानेवारी १९७९. मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक इथला फोर्डचा ओतकाम कारखाना. रॉबर्ट विल्यम्स हा २५ वर्षांचा कामगार मालाच्या रॅकवर चढला, कारण माल काढून देणारं स्वयंचलित यंत्र साठ्याचा हिशोब चुकीचा दाखवत होतं. यंत्र बंद नव्हतं. त्याचा हात मागून आला आणि विल्यम्स जागीच गेला. रोबोमुळे झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू. १९८३ मध्ये ज्युरीने यंत्र बनवणाऱ्या कंपनीला जबाबदार धरून कुटुंबाला १ कोटी डॉलर द्यायला सांगितले.

१९८१ च्या जुलैमध्ये जपानमधल्या आकाशी इथे, कावासाकीच्या कारखान्यात, केंजी उरादा हा ३७ वर्षांचा कामगार दुरुस्तीसाठी कुंपण ओलांडून आत गेला. रोबो पूर्ण बंद झालेला नव्हता. त्याच्या हाताने उरादाला शेजारच्या ग्राइंडिंग मशीनवर दाबलं.

दोन्ही वेळा नेहमीचं उत्पादनाचं काम करताना माणूस गेला नाही. काहीतरी अडलं होतं, ते सोडवायला तो आत गेला होता. अडकलेला पार्ट काढणं, साफसफाई, दुरुस्ती, प्रोग्रॅम शिकवणं, रोबोचा खरा धोका या वेळांत असतो. लाइन नीट चालू असताना कुंपणाच्या आत कुणी नसतंच.

जपानने हे ओळखलं आणि कायद्याचा रस्ता धरला. १९८३ मध्ये कामगार सुरक्षेचे नियम बदलले. रोबोला 'शिकवणाऱ्या' माणसाला किमान ७ तास वर्ग आणि ३ तास प्रात्यक्षिक. तपासणी-दुरुस्ती करणाऱ्याला ९ तास आणि ४ तास. हे देणं मालकावर बंधनकारक, आणि त्याची नोंद ठेवायची. तास फार नाहीत हो, पण ते कुणाच्या मर्जीवर नाहीत, हे महत्त्वाचं.

अमेरिकेने मानकांचा रस्ता धरला. १९८६ मध्ये तिथलं पहिलं रोबो सुरक्षा मानक आलं, १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय आयएसओ १०२१८ आलं. २०११ मध्ये त्याचे दोन स्वतंत्र भाग झाले: एक रोबो बनवणाऱ्यासाठी, दुसरा तो कारखान्यात बसवणाऱ्यासाठी. पण मानक म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याचा फक्त रोबोसाठी असा वेगळा नियम आजही नाही. ही पोकळी खासगी प्रमाणपत्रांनी भरली. यंत्र सुरक्षेचे कोर्स, परीक्षा, ट्यूव्हचा शिक्का. २०१२ पासून अमेरिकेतल्या रोबो उद्योग संघटनेने तर रोबो बसवून देणाऱ्या कंपन्यांनाच प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली.

आता कुणी म्हणेल, कोर्स लावा, प्रश्न मिटला. थांबा. १९८४ च्या जुलैमध्ये मिशिगनमध्येच डाय-कास्टिंगचा १५ वर्षांचा अनुभव असलेला एक कामगार रोबो आणि लोखंडी खांब यांच्यात चिरडला. तीनच आठवड्यांपूर्वी त्याने रोबोचा आठवडाभराचा कोर्स पूर्ण केला होता! खाली पडलेलं भंगार साफ करायला तो चालू रोबोच्या टप्प्यात गेला होता. सरकारी संशोधन संस्थेने नंतर जो इशारा काढला, त्यात प्रशिक्षण होतंच, पण कुंपण आणि दार उघडताच यंत्र थांबवणारं इंटरलॉकही होतं. कागद माणसाला शहाणा करतो, रोबोला थांबवत नाही.

चांगलं मानक कसा विचार करतं ते बघा. रोबोला शिकवताना हातात जो पेंडंट असतो, त्यावरच्या बटणाला तीन स्थिती असतात. हलकं दाबलं तर रोबो चालतो. सोडलं तर थांबतो. आणि घट्ट आवळलं तरी थांबतो. कारण घाबरलेला हात एकतर सुटतो, नाहीतर आवळतो. आणि या वेळी रोबोचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. घाबरणं ही चूक धरलेली नाही, गृहीत धरलंय.

आणि आपण? १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ मध्ये एक भारी तरतूद होती. चालू यंत्राजवळ तेलपाणी वा तपासणी करणारा माणूस खास प्रशिक्षित हवा, त्याचं नाव रजिस्टरात हवं, त्याच्याकडे नेमणुकीचं प्रमाणपत्र हवं, आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे मालकाने द्यायचे. पट्टे आणि शाफ्टच्या जमान्यात लिहिलेलं हे कलम, पण त्यातला विचार आजही ताजा आहे: धोक्याजवळ कोण जाणार, ते नावानिशी आधी ठरवा.

ऑगस्ट २०१५ मध्ये हरियाणातल्या मानेसरला एका कारखान्यात २४ वर्षांचा कामगार रोबोसमोर सरकलेला पत्रा नीट करायला गेला आणि जिवाला मुकला. कारण तेच जुनं, काहीतरी अडलं होतं. म्हणजे ३६ वर्षांत आपण तिथेच.

आता जुने कायदे जाऊन नवी सुरक्षा संहिता आली आहे. रोबोच्या कुंपणाआत जाणाऱ्यासाठी सक्तीचं प्रशिक्षण, नावाची नोंद आणि इंटरलॉकची तपासणी, एवढं मागणं काही जगावेगळं नाही. जपानने ते १९८३ मध्ये केलं. आणि त्या नोंदीत कंत्राटी कामगाराचंही नाव हवं, कारण अडकलेला पार्ट काढायला बहुतेक वेळा त्यालाच आत पाठवतात.

शेवटचं एक. प्रमाणपत्र देणार असाल तर त्यासोबत लाइन थांबवायचा अधिकारही द्या. टार्गेट चुकलं म्हणून ओरडणाऱ्या सुपरवायझरसमोर ज्याला लाल बटण दाबायची भीती वाटते, त्याच्या खिशातलं सर्टिफिकेट त्याला वाचवणार नाही.

तुमच्या कारखान्यात रोबो असेल तर उद्या एवढंच विचारून बघा: आत जायच्या आधी वीज तोडून कुलूप कोण लावतं, आणि त्या कुलपाची चावी कुणाच्या खिशात असते?