महजर ते पंचनामा : गुन्ह्याच्या घटनास्थळाच्या नोंदीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

गुन्हा घडून गेल्यानंतर न्यायाधीश घटनास्थळी उपस्थित नसतो. त्याच्यासमोर येते ती त्या स्थळाची नोंद. महाराष्ट्रात या नोंदीला 'पंचनामा' म्हणतात. 'पंच' हा भारतीय परंपरेतील शब्द आणि 'नामा' हा फारसीतून आलेला प्रत्यय यांच्या संयोगातून हा शब्द बनला आहे. हा शब्द आपल्या इतका परिचयाचा आहे की, पूर, अवकाळी पाऊस वा पिकांची हानी झाल्यावरही शेतकऱ्याची पहिली मागणी 'पंचनामा करा' अशीच असते. या दस्तऐवजामागील इतिहासाकडे मात्र अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. पंच हा घटनास्थळाच्या नोंदीत का आला आणि त्याचे स्थान कसे बदलत गेले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

मराठाकालीन पार्श्वभूमी :

मराठाकाळात वतन, हद्द, वारसा इत्यादी तंटे गोतसभेसमोर चालत. निवाड्याचा जो दस्तऐवज तयार होई त्यास 'महजर' म्हणत. त्यावर सभेस हजर असलेल्यांची नावे नोंदविली जात. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाची निशाणी करीत. नांगर ही पाटील-कुणब्यांची निशाणी सर्वपरिचित आहे. नावे आणि निशाण्या यांमुळे संपूर्ण गाव त्या निवाड्यास बांधले जाई.

महजर आणि पंचनामा यांची गल्लत करणे मात्र योग्य ठरणार नाही. महजरात सभा निर्णय देते, तर पंचनाम्यातील पंच केवळ पाहतो आणि पाहिलेले नोंदविले गेले याची ग्वाही देतो. निर्णयाचा अधिकार गेला आणि साक्षीचे दायित्व उरले, असे या संक्रमणाचे स्वरूप सांगता येईल. लेखनपद्धतीत मात्र सातत्य आढळते. 'मौजे', 'सदर', 'समक्ष', 'तपशील' हे शब्द आणि जागेची चतुःसीमा देण्याची रीत ही जुन्या दफ्तराची देणगी होय.

वसाहतकालीन कायदे आणि पंचांचा प्रवेश :

पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीच्या गुणदोषांची चर्चा केली. पुढे इंग्रजी न्यायालये स्थिरावली आणि पंचायतीचा न्यायदानातील वाटा घटत गेला. गावच्या पोलीस व्यवस्थेत मात्र गावकऱ्यांना स्थान राहिले. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस अधिनियमाचा या संदर्भात विशेष उल्लेख करावा लागेल. गावात अनैसर्गिक वा आकस्मिक मृत्यू झाल्यास अथवा प्रेत आढळल्यास पोलीस पाटलाने गावातील वा शेजारच्या दोन किंवा अधिक समंजस व्यक्तींना एकत्र करून मृत्यूच्या कारणांची चौकशी करावी व लेखी अहवाल द्यावा, अशी तरतूद त्यात होती. गुन्हा घडल्यास मिळू शकेल तो पुरावा गोळा करण्याची जबाबदारीही पाटलावर होती. म्हणजेच घटनास्थळाची पहिली नोंद गावातच होत असे.

दुसरा प्रवाह अखिल भारतीय कायद्यांचा आहे. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांपुढील कबुलीजबाब पुराव्यात अग्राह्य ठरविला. ही तरतूद पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम २५ व २६ मध्ये आली. कलम २७ ने तिला अपवाद केला. आरोपीच्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जाऊ लागला. परिणामी, वस्तू कोठे, कशी व कोणासमक्ष सापडली याला निर्णायक महत्त्व आले. १८९८ च्या संहितेतील कलम १०३ नुसार झडतीच्या वेळी त्या परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर असणे आवश्यक ठरले. राज्यकर्त्यांनी पोलीस दल उभे केले, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. पंच हा या अविश्वासावरील उपाय होता.

वैज्ञानिक नोंदीचा उदय :

याच सुमारास घटनास्थळाकडे पाहण्याची नवी दृष्टी विकसित होत होती. ऑस्ट्रियातील दंडाधिकारी हान्स ग्रोस यांचा तपासविषयक ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तू हलविण्यापूर्वी स्थळाचे वर्णन व आराखडा करावा, यावर त्यांचा भर होता. विशेष म्हणजे या ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १९०६ मध्ये मद्रास येथून प्रसिद्ध झाले आणि ते तेथील दोन सरकारी वकिलांनी केले होते.

बोटांच्या ठशांच्या बाबतीत तर भारत अग्रेसर होता. १८९७ मध्ये कलकत्ता येथे अंगुलिमुद्रा विभाग स्थापन झाला. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गीकरणात अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचा मोलाचा वाटा होता. जलपाईगुडी येथील चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनाच्या खटल्यात बंगाली पंचांगावरील रक्ताळलेला ठसा पूर्वी शिक्षा झालेल्या एका नोकराच्या ठशाशी जुळला. १८९८ मध्ये त्यास चोरीबद्दल दोषी ठरविण्यात आले, परंतु खुनाच्या आरोपातून तो सुटला. ठशाने त्याची उपस्थिती सिद्ध झाली, कृत्य नव्हे. वैज्ञानिक पुराव्याची मर्यादा येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसून आली. १८९९ च्या दुरुस्तीने ठशांवरील तज्ज्ञांचे मत न्यायालयात ग्राह्य झाले.

स्वातंत्र्योत्तर काळातील ऱ्हास :

१९७३ च्या संहितेतील कलम १०० मध्ये पंच 'स्वतंत्र व प्रतिष्ठित' असावेत असे म्हटले गेले. त्याच वेळी, स्थानिक रहिवासी उपलब्ध नसल्यास वा तयार नसल्यास अन्य ठिकाणचे पंच घेण्याची मुभाही देण्यात आली. ही सवलत व्यवहार्य होती, परंतु तिने गाव आणि पंच यांचा संबंध सैल केला. न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालण्याची भीती आणि आरोपीशी वैर पत्करण्याची धास्ती यांमुळे नागरिक पंच होण्यास कचरतात. मग पोलिसांच्या ओळखीचे, पुन्हा पुन्हा येणारे 'ठेवणीतले पंच' दिसू लागतात, अथवा पंच न्यायालयात फितूर होतो. पंचनामा हा स्वयंपूर्ण पुरावा नसून पंचाच्या साक्षीला पूरक असतो. त्यामुळे पंच फिरला की दस्तऐवज दुबळा होतो. पाहण्यासाठी बोलावलेला माणूस केवळ सहीचा धनी उरला, ही या परंपरेची शोकांतिका म्हणावी लागेल.

नवे कायदे आणि दृक्‌श्राव्य नोंद :

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शफी मोहम्मद प्रकरणात घटनास्थळाच्या चित्रीकरणास टप्प्याटप्प्याने चालना देण्याचे निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठविणे बंधनकारक केले. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी भेट देण्याची तरतूद कलम १७६ मध्ये आहे. तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. पंच मात्र रद्द झालेले नाहीत. जप्तीच्या यादीवर ते सही करतानाचेही चित्रीकरण अपेक्षित आहे.

निष्कर्ष :

महजरात गाव निर्णय देत होते, १८६७ च्या कायद्यात गाव चौकशी करीत होते, १८९८ च्या संहितेत गावातील दोघे पाहत होते आणि पुढे तर गावाबाहेरचे दोघे सही करू लागले. समाजाचा सहभाग असा क्रमाक्रमाने आक्रसत गेला. कॅमेऱ्यामुळे नोंद अधिक अचूक होईल यात शंका नाही. परंतु चित्रीकरण केव्हा सुरू झाले, त्यापूर्वी काय घडले आणि चौकटीबाहेर काय राहिले, हे कॅमेरा सांगत नाही. उलटतपासणीत उत्तर देऊ शकतो तो माणूसच. म्हणूनच पंचाला साक्षीसाठी निश्चित वेळ, संरक्षण व प्रवासखर्च देऊन त्याची प्रतिष्ठा पुनःस्थापित करणे हे चित्रीकरणाइतकेच आवश्यक आहे. पोलिसांच्या एकट्याच्या शब्दावर कोणाचे स्वातंत्र्य अवलंबून राहू नये, हे या तरतुदीमागील तत्त्व होते. साधन बदलले तरी त्या तत्त्वाची गरज संपलेली नाही.